सिएटल मॅरिनर्स या अमेरिकेतील बेसबॉल संघाकडून नव्या हंगामात कितपत अपेक्षा ठेवावी?

कोथरूडकर (प्रश्न):
नमस्कार. २०२५ च्या अमेरिकन लीगच्या (मेजर लीग या बेसबॉल स्पर्धेतील दोन गटांपैकी एक) अंतिम मालिकेतील सातवा सामना मी अजून विसरू शकलेलो नाही. टोरोंटोमध्ये आपण ३-१ असे पुढे होतो, आणि सातव्या डावात टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारून सामना ४-३ असा हिरावून नेला. १९७७ पासून खेळणारा हा संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेपर्यंत, एकदाही पोहोचलेला नाही, आणि मेजर लीगमध्ये असा दुसरा संघ उरलेला नाही. आपला कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा) कॅल रॅली याने त्या हंगामात ६० होमरन मारले. कॅचरच्या नावावर त्याआधीचा विक्रम ४८ होता, त्यामुळे तशा हंगामाची पुनरावृत्ती गृहीत धरणे मला योग्य वाटत नाही. तरीही २००१ नंतर प्रथमच लीगमधील आपल्या विभागाचे विजेतेपद मिळवलेल्या संघाकडे पाठ फिरवणेही जमत नाही. आशा ठेवायचीच, तर ती नेमकी कशाच्या भरवशावर ठेवावी?

पौड रस्ता:
माझ्या मते ती सुरुवातीच्या पिचरांवर, म्हणजे सामन्याच्या आरंभापासून चेंडू टाकणाऱ्यांवर ठेवावी. रॅलीचे होमरन कमी होणार, हे मनाशी धरून चाला. ते बऱ्यापैकी कमी झाले तरीही तो कॅचर म्हणून लीगमधल्या उत्तम खेळाडूंतच राहील. खरा प्रश्न लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, ब्राइस मिलर आणि ब्रायन वू हे किती डाव टाकू शकतात, हा आहे. गेल्या हंगामात पहिले तिघेही दुखापतींमुळे काही काळ बाहेर होते. एकटा वू नियमितपणे खेळत राहिला आणि नेमका हंगामाच्या अखेरीस त्याच्या छातीचा स्नायू दुखावला. हे चौघे तंदुरुस्त असताना हा संघ कोणालाही कमी धावांत रोखू शकतो, शिवाय सिएटलचे मैदान फलंदाजांना फारसे अनुकूल नाही, हेही पिचरांच्या पथ्यावर पडते. मात्र त्याच मैदानामुळे आपल्याही धावा आटतात. फलंदाज जोश नेलरला पाच वर्षांसाठी राखले, हा निर्णय मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. डेट्रॉइटविरुद्धचा १५ डावांपर्यंत लांबलेला निर्णायक सामना ज्याच्या फटक्याने जिंकला, तो होर्हे पोलँको मात्र न्यू यॉर्क मेट्स संघाकडे गेला, आणि ही उणीव सहज भरून निघणारी नाही. एप्रिल-मेमध्ये रॅलीचे आकडे पाहण्यापेक्षा हे चौघे दर पाच-सहा दिवसांनी ठरल्याप्रमाणे मैदानात उतरतात का, एवढे पाहावे.

सदाशिव पेठ:
वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक भर घालतो. २००१ मध्ये याच संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली होती, आणि तरीही अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत न्यू यॉर्क यांकीजकडून तो ४-१ असा हरला. २०२५ मध्ये जेमतेम ९० विजय मिळवून संघ वर्ल्ड सिरीजपासून अवघ्या आठ बादांवर येऊन थांबला. त्यामुळे नियमित हंगामातील विजयांच्या संख्येवरून ऑक्टोबरमधील बाद फेरीचा अंदाज बांधू नये. महाराष्ट्राच्या रणजी संघावर प्रेम करणाऱ्या आपल्या पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा करंडक जिंकल्यानंतर तो पुन्हा आपल्याकडे आलेला नाही. २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली, तेव्हा हैदराबादमध्ये कर्नाटकाने आपल्याला हरवले. म्हणून मी विभागाच्या विजेतेपदाची अपेक्षा ठामपणे ठेवतो आणि त्यापुढच्या गोष्टींबद्दल ऑक्टोबर येईपर्यंत काहीही बोलत नाही.

औंध:
नव्याने पाहणाऱ्यांसाठी वेळेबद्दल थोडे. सिएटलमधील संध्याकाळी ७:१० चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ७:४० ला सुरू होतो, त्यामुळे कामावर निघण्यापूर्वी चार-पाच डाव निवांत पाहता येतात. टोरोंटो किंवा न्यू यॉर्कमधील सामने मात्र पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात.

कोथरूडकर:
सर्वांचे मनापासून आभार. विभागाचे विजेतेपद राखणे ही रास्त अपेक्षा आहे, हे पटले. सदाशिव पेठ यांच्यासारखे ऑक्टोबरपर्यंत गप्प राहणे मात्र मला जमणार नाही. यंदा संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचावा असे मला फार वाटते, आणि ते मी आतापासूनच म्हणत राहणार आहे. पौड रस्ता यांना एक विचारायचे आहे: चौघांपैकी एखादा पुन्हा जखमी झालाच, तर त्याच्या जागी तुम्ही कोणाला संधी द्याल?