विटांचं घर 'चिरेबंदी' कसं?

नंदिनी: इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या, सतराव्या शतकातल्या एका फार्महाऊसचं वर्णन मराठीत आणतेय. 'चिरेबंदी शेतघर' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही शब्दांवर फुली मारली. भिंती विटांच्या, मग चिरे कुठले? आणि शेतघर कोण म्हणतं?

माणदेशी: आमच्याकडे 'वस्तीवरचं घर'. 'फार्महाऊस' नकोच, वाचकाला शनिवार-रविवारचं कर्जत आठवतं. इथे तर शेतकरी बारमाही राहायचा.

रत्नांग्रीकर: बाई बरोबर आहेत. चिरा म्हणजे घडीव दगड, आमच्याकडे जांभ्याचा. विटांना चिरेबंदी म्हणणं चूकच.

मुक्ता: 'शाई' शब्दाचा अर्थ मुळात काळी, तरी निळी शाई म्हणतोच ना? 'तेल' शब्द तिळावरून आलाय, तरी शेंगदाण्याचं तेल खातो. चिरेबंदी म्हणजे आता भक्कम. राहू दे, नंदिनी.

गवंडीदादा: ताई, आधी भिंत बघा. त्या भागातल्या पुष्कळ जुन्या घरांचा सांगाडा ओकच्या लाकडाचा असतो, विटांचं दर्शनी तोंड मागाहून चढवलेलं. मग 'विटांचं घर' हेसुद्धा अर्धंच खरं. फोटोत एकाच रद्द्यात, म्हणजे विटांच्या एका आडव्या ओळीत, विटेची लांब बाजू, मग डोकं म्हणजे आखूड बाजू, पुन्हा लांब बाजू दिसते का? ती विटा रचायची पद्धत म्हणजे फ्लेमिश बाँड. एक अख्खा रद्दा लांब बाजूंचा आणि वरचा डोक्यांचा असेल तर इंग्लिश बाँड. पुढे फ्लेमिश आणि बाजूला इंग्लिश, असंही सापडतं, कारण मिरवायचं ते पुढे.

रत्नांग्रीकर: रद्दा मातीच्या भिंतीचा. विटांचा थर!

गवंडीदादा: माझे वडील विटांचाही रद्दाच म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलोय मी.

माणदेशी: फारसीत 'रदा' म्हणजे रांग. त्यात मातीची अट कुठून आली?

मुक्ता: विटांची जाडी मोजलीय का कुणी? 1784 ते 1850 तिकडे विटांवर कर होता, तोही नगावर. म्हणून मोठ्या विटा पाडू लागले. दर्शनी भिंत कधीची, याचा थोडा अंदाज येईल.

नंदिनी: मापं नाहीत, पण फोटोत पुढे फ्लेमिशच दिसतोय. आता दुसरी अडचण. दार उघडलं की समोर थेट मधल्या धुराड्याची भिंत, मध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा आणि दोन्ही हातांना खोल्या. त्या जागेला काय म्हणू?

माणदेशी: देवडी.

रत्नांग्रीकर: देवडीवर पहारेकरी बसतो हो! शेतकऱ्याच्या घरी कसली देवडी?

मुक्ता: आमच्या गावी साध्या घरांनाही देवडी आहे.