पैसे चुकते केले, तरी डिझाइन आपले होतेच असे नाही
पूर्ण बिल भरल्यावर संकेतस्थळाचे डिझाइन आपोआप आपल्या मालकीचे होते, हे मत मला पटत नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार आपला पगारी कर्मचारी नसलेल्या डेव्हलपरने केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा तोच असतो. कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि त्याच्या सहीनिशीच व्हावे लागते, आणि त्या कागदात मुदत व प्रदेश नमूद नसेल तर ते ५ वर्षांपुरते आणि भारतापुरतेच धरले जाते. माझ्या दादरच्या दुकानाच्या करारात नेमकी हीच ओळ राहून गेली होती (जीएसटीचा रकाना मात्र चोख भरलेला!). डोमेन (संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता) सुरुवातीलाच स्वतःच्या नावावर घ्यावे आणि शेवटचा हप्ता सोर्स कोड (संकेतस्थळ ज्यावर चालते तो मूळ प्रोग्राम) व डिझाइनच्या मूळ फाइली हाती आल्यावरच द्यावा.