जर्मन शेफर्ड नक्की कुणाचा? मेंढपाळाचा की कॅप्टनचा?

उपवनकाठ (ठाणे): सोसायटीच्या ग्रुपवर पिल्लांची जाहिरात आली, 'ओरिजिनल पोलीस डॉग'. यावरून वाद झाला म्हणून इथे लिहितो. माझ्या मते ही जात एका माणसाने घडवली. माक्स फॉन स्टेफानिट्झ, जर्मन घोडदळातला कॅप्टन. एप्रिल १८९९ मध्ये त्याने कार्ल्सरुहेच्या प्रदर्शनात एक कुत्रा घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं, त्याच महिन्यात क्लब काढला आणि नोंदवहीत पहिला नंबर होरांडला दिला. त्याआधी जर्मन शेफर्ड होता कुठे?

सानपाडा_मोती: कुठे म्हणजे? रानात! जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात चपळ, ताठ कानांचे; व्युर्टेम्बर्गकडे थोराड. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांनी जोपासलेले. तुमचा कॅप्टन म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

उपवनकाठ: नागोबा तर नागोबा. पण होरांडचं रक्त नात्यातल्या नात्यात फिरवून एकसारखं रूप आणलं कुणी? मेंढपाळाला कान ताठ काय नि पडके काय, सारखेच.

सानपाडा_मोती: रूप सोडा हो, काम बघा. तिकडे शेतांना कुंपण नसायचं. गवताच्या पट्ट्यात मेंढरं, लगेच शेजारी उभं पीक. कुत्रा मधल्या सरीवरून दिवसभर येरझाऱ्या घालायचा, पिकात तोंड घालणारीला आत हाकलायचा. चालतंबोलतं कुंपणच. आमच्या पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात तेव्हा खालच्या मजल्यावरचा रॉकी पिवळ्या पट्टीवरून हेच करतो. चेंडूकडे ढुंकूनही बघत नाही, पण एखादं पोर गेटकडे पळालं की आडवा जातो. हे काय कॅप्टनने शिकवलं?

कळवा_नाका: आमच्या धनगरांची कुत्री काय वाईट? दिवाळीनंतर पनवेल-पेणकडे त्यांचे वाडे (मेंढरांसकट तळ) उतरतात तेव्हा जाऊन बघा.

सानपाडा_मोती: वाईट कोण म्हणतंय? ती राखणीची, लांडग्यावर धावणारी. मेंढरं वळवायला धनगर स्वतः असतो.

उपवनकाठ: बरं, मग जर्मनीत कारखाने वाढले, मेंढ्या घटल्या, तेव्हा काय? कॅप्टननेच पोलीस आणि लष्कराच्या मागे लागून या कुत्र्याला काम मिळवून दिलं. नाहीतर तुमचा सरीवरचा पहारेकरी कधीच इतिहासजमा झाला असता.

सानपाडा_मोती: नोकरी लावून दिली म्हणून कुणी बाप होत नाही. आणि तोच क्लब आजही दरवर्षी कळपावर या कुत्र्यांची स्पर्धा घेतो. पिल्लं विकणाऱ्याला एवढं ऐकवा. घेणाऱ्यालाही विचारा, रोज येऊरच्या चढापर्यंत फिरवणार का?