मदत हवी आहे: शाळेसाठी मायक्रोस्कोप घेतोय. डार्कफील्ड, फेज, पोलराइज्ड, फ्लुओरेसन्स, यातलं कशासाठी काय?

आगरवाडेकरीण

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे जमवून दिलेत, त्यातून एक बरा मायक्रोस्कोप घ्यायचा आहे. सध्याच्यावर कांद्याचा पापुद्रा, गालाच्या पेशी, मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन हे सगळं नीट होतं. अभ्यासक्रमापुरतं भागतं म्हणा ना.

अडचण मुलांच्या उत्साहाची आहे. कोणी मिठागरातलं लालसर पाणी आणतं, कोणी खाजनातल्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतल्या) मानशीजवळचं, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दरवाजाजवळचं. स्लाइडवर थेंब ठेवला की काहीतरी वळवळतंय एवढंच कळतं. डायफ्रॅम (खालून येणाऱ्या प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारा पडदा) बंद करत गेलं की कडा जरा उठून दिसतात, पण सगळं जाडंभरडं होतं. शिवाय दोघांना किनाऱ्यावरची वाळू बघायची आहे.

विक्रेता म्हणतो २००० पट मोठं दाखवणारं मॉडेल घ्या, नाहीतर फेज घ्या, नाहीतर सरळ फ्लुओरेसन्स. दर वेळी किंमत वर जाते. व्याख्या पुस्तकात आहेत, त्या नकोत. तुम्ही प्रत्यक्षात काय कशासाठी वापरता ते सांगा.

काचपट्टी_म्हापसा

ताई, आधी ते २००० डोक्यातून काढा. १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळची लेन्स) २० चा आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) लावला की झाले २०००. त्याने नवीन काही दिसत नाही, आहे तेच फुगून धूसर दिसतं. ऑब्जेक्टिव्हवर पटीच्या शेजारी दुसरा आकडा कोरलेला असतो, ०.२५, ०.६५, १.२५ असा. तो न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे NA: लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप. उपयोगी वाढ त्याच्या साधारण ५०० ते १००० पट. म्हणजे १.२५ वाल्या ऑइल लेन्सला (तेलाचा थेंब टाकून वापरतात ती) १२५० च्या पुढे अर्थ नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने १८७३ मध्येच हे गणित मांडलं. साध्या प्रकाशात साधारण ०.२ मायक्रॉनच्या खालचे दोन ठिपके वेगळे दिसणारच नाहीत, पैसे कितीही मोजा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमचा दिवस साध्या ब्राइटफील्डवर (खालून सरळ प्रकाश, उजळ पार्श्वभूमी) जातो, कारण आम्ही सगळं रंगवतो. गिम्सा रंग लावलेला रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर), १०० ची ऑइल लेन्स, आणि मलेरियाचा परजीवी समोर. रंगवता येतं तिथे ब्राइटफील्डला तोड नाही. फ्लुओरेसन्स टीबीच्या थुंकीसाठी, ऑरामिन हा चमकणारा रंग लावून. काळ्या पार्श्वभूमीवर जंतू चमकतात म्हणून कमी पटीवर स्लाइड भराभर चाळता येते. शाळेत त्याचं काय काम?

दर्यावर्दी

काचपट्टींशी सहमत, पण ताईंचा प्रश्न न रंगवलेल्या जिवंत पेशींचा आहे, तिथे ब्राइटफील्ड तोकडं पडतं.

मिठागरातलं लाल पाणी म्हणजे बहुधा दुनालिएला सलायना हे सूक्ष्म शैवाल आणि तिच्या जोडीला मीठ सोसणारे लाल सूक्ष्मजीव. दुनालिएलाची पेशी साधारण १० मायक्रॉनची, पुढे दोन कशाभिका (पोहायचे चाबकासारखे धागे). आत बीटा कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य असल्यामुळे शरीर तरी दिसतं, कशाभिका मात्र पाण्याइतक्याच पारदर्शक. त्या प्रकाश शोषत नाहीत, फक्त किंचित मागे पाडतात, आणि डोळ्याला तो फरक कळत नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ झेर्निकेने हाच फरक उजेड-अंधारात बदलून दाखवला, तो फेज कॉन्ट्रास्ट. १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. पातळ थरातल्या जिवंत, न रंगवलेल्या पेशींसाठी तो उत्तम. नमुना जाड असला की प्रत्येक वस्तूभोवती प्रभावळ येते आणि गोंधळ होतो. रंगवलेल्या स्लाइडला त्याचा फायदा नाही.

तुम्ही डायफ्रॅम बंद करता तेव्हा कॉन्ट्रास्ट मिळतो, पण कंडेन्सरचं (नमुन्याखाली प्रकाश एकवटणाऱ्या लेन्सचं) अपर्चर लहान होऊन बारकावा जातो. जाडंभरडं दिसण्याचं कारण तेच.

आता फुकटचा उपाय. कंडेन्सरखाली फिल्टर ठेवायची कडी असते. पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीवर मधोमध काळ्या कागदाचा गोल चिकटवून त्यात ठेवा. डायफ्रॅम पूर्ण उघडा, कंडेन्सर वर घ्या. झालं डार्कफील्ड. सरळ येणारा प्रकाश अडतो, नमुन्यावर आपटून विखुरलेला तेवढा लेन्समध्ये शिरतो. गोल केवढा कापायचा? १० ची लेन्स लावा, आयपीस काढून नळीत बघा, डायफ्रॅमची कड दिसेनाशी होईल इतपतच तो उघडा, आणि त्या भोकापेक्षा किंचित मोठा गोल कापा. १० वर झकास दिसतं, ४० वर ओढूनताणून, १०० ला खास कंडेन्सर लागतो. स्लाइड मात्र लख्ख हवी, धुळीचा प्रत्येक कण तारा होऊन चमकतो.

आणि हो, ते मिठागराचं पाणी पातळ करायला नळाचं पाणी घालू नका. दुनालिएलाला पेशीभित्तिका नसते, ती फुगते, फुटतेही.

खडकवेडा_सांगे

वाळूचं मी सांगतो. तिला आधी स्टिरिओ मायक्रोस्कोप (दोन्ही डोळ्यांनी अख्खी वस्तू उठावदार दाखवणारा), २० ते ४० पट, वरून उजेड. काळे कण (इल्मेनाइट, मॅग्नेटाइट) अपारदर्शक, खालून प्रकाश टाकून त्यांचा फक्त काळा ठिपका मिळेल.

मग पोलराइज्डची गंमत. पोलरायझर शीटचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचे) दोन तुकडे घ्या, एक प्रकाशावर, एक आयपीसवर, एकमेकांना आडवे. सगळं काळं होईल. आता वाळू ठेवा. क्वार्ट्झ उजळतो, शिंपल्याचे तुकडे उजळतात, स्टेज फिरवली की विझतात आणि परत पेटतात. गार्नेट मात्र काळाच राहतो, त्याच्या स्फटिकात प्रकाशाला सगळ्या दिशा सारख्या. आम्ही खडकाचा ०.०३ मिलिमीटरचा काप घासून याच पद्धतीने खनिजं ओळखतो. जीवशास्त्रातही चालतं: बटाट्याच्या स्टार्चच्या कणावर काळी फुली दिसते, मुलं खूश होतात.

फोंडेकर_प्राध्यापक

माझं मत वेगळं. पैसे आहेत तर फेज घ्याच, परत कधी जमतील देव जाणे. आमच्या कॉलेजात आहे, जिवंत यीस्ट आणि कशाभिका सुंदर दिसतात.

दर्यावर्दी

सर, कॉलेजला ठीक. पण फेजमध्ये कंडेन्सरमधली कडी आणि ऑब्जेक्टिव्हमधली कडी तंतोतंत जुळलेली लागते, आणि शाळेत येणारा-जाणारा प्रत्येकजण स्क्रू फिरवतो. महिन्याभरात जुळणी गेली की ते महागडं ब्राइटफील्डच, वर जरा अंधुक. मी त्या पैशात एक चांगला ब्राइटफील्ड आणि एक स्टिरिओ घेईन. कोपेपॉड (पाण्यातले इवले कवचधारी जीव), झिंग्याची पिल्लं, एप्रिलच्या सुमारास समुद्रावर तवंग येतो ती ट्रायकोडेस्मियमची (धाग्यांसारख्या निळ्या-हिरव्या जीवाणूंची) जुडी, हे सगळं स्टिरिओखालीच बघावं, कव्हर स्लिपने चिरडू नये.

आगरवाडेकरीण

सगळ्यांना देव बरें करूं! काळ्या कागदाचा प्रयोग उद्याच करते. दोन शंका. रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात त्या जिवांसाठी फ्लुओरेसन्स लागेल का? मुलं विचारतायत. आणि आमच्या जुन्या लेन्सवर पावसाळ्यात बुरशी धरते, त्याचं काय?

दर्यावर्दी

नाही. तो नॉक्टिलुका हा एकपेशीय जीव, धक्का लागला की रसायनातून स्वतःचा प्रकाश काढतो. फ्लुओरेसन्समध्ये आपण एका रंगाचा प्रकाश टाकतो आणि वस्तू दुसऱ्या रंगाचा परत देते. हरितद्रव्यावर निळा टाका, लाल मिळतो. सूक्ष्म शैवाल मोजायला आम्ही तेच वापरतो. नॉक्टिलुका एवढा मोठा की ४ ची लेन्स किंवा स्टिरिओ पुरे.

कॉन्फोकल (लेसरने एकेक थर टिपणारा मायक्रोस्कोप) कोणी सुचवलं तर हात जोडा. जाड ऊतकाचे थरावर थर स्वच्छ बघायचे असतील तर ते अप्रतिम, पण ते संशोधन संस्थांचं काम.

काचपट्टी_म्हापसा

बुरशीचं: लाकडी पेटीत किंवा चामड्याच्या खोक्यात बंद करून ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ऑब्जेक्टिव्ह आणि सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की कढईत गरम करून परत वापरा. बुरशी लेन्सचं कोटिंग खाते, एकदा खोल गेली की पुसून जात नाही. मिठागराचं पाणी स्टेजवर सांडलं तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या कापडाने लगेच पुसा, मग कोरड्याने.

कोटेशन मागताना कंडेन्सरबद्दल दोन गोष्टी लिहून घ्या: वर-खाली सरकणारा हवा, आणि खाली फिल्टरची कडी हवी. स्वस्त मॉडेलात तो एकाच जागी बसवलेला असतो, मग दर्यावर्दींची चकती ठेवायला जागाच नाही.