न्यू जर्सीत गांजा कायदेशीर, पण व्हिसावर असलेल्यांचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझा मावसभाऊ इथे एडिसनला माझ्याकडेच राहतो. एम.एस. झालं, नोकरी लागली, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून नुकताच एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) गेलाय. डिसेंबरात नाशिकला घरचं लग्न आहे, तेव्हा मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत, स्टँपिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) करून घ्यावं लागेल.

परवा फ्रिजमध्ये गांजाच्या गमीजची (चघळायच्या गोळ्यांची) डबी दिसली. नशेचा घटक (टीएचसी) एका गमीत १० मिलिग्रॅम, अख्ख्या डबीत १००. रीतसर दुकानातून, स्वतःचा भारतीय पासपोर्ट दाखवून आणलेली. (घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे. डबी तिला उघडता येणार नाही अशी असली तरी मी ती आधी घराबाहेर काढायला लावली.) त्याचं एकच पालुपद: "ताई, इथे २१ वर्षांपुढच्या सगळ्यांना चालतं, तू उगाच घाबरतेस."

राज्यापुरतं त्याचं बरोबर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी कौल दिला, फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २०२२ पासून दुकानांत विक्री सुरू आहे. एका खेपेला एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम घेता येतो. घरी झाड लावायला मात्र बंदी आहे.

पण व्हिसा राज्य देत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात गांजा अजूनही नियंत्रित अमली पदार्थ आहे आणि इमिग्रेशनवाले तोच कायदा बघतात. अटक नाही, खटला नाही, तरी गांजा घेतल्याचं अधिकाऱ्यासमोर नुसतं कबूल केलं तर अमेरिकेत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अमली पदार्थांचा कायदा कधी मोडला आहे का, असा थेट प्रश्न आहे. तिथे खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं, तर फसवणुकीचा ठपका जन्मभर पुरतो. त्यामुळे "नाही म्हणून मोकळा हो" हा सल्ला कृपया कुणी देऊ नका.

मला हवंय ते असं: अशा परिस्थितीत कुणी अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठलं होतं का? फक्त फॉर्म भरून देणारे नकोत, या विषयातले जाणकार हवेत. स्टँपिंग पुढे ढकलून तो लग्नालाच गेला नाही तर मावशीला फार लागेल, पण गरज पडली तर तेही तिला मीच सांगेन. आणि पुढे ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टर याबद्दल नेमकं काय विचारतात?

मध्य जर्सीतले खात्रीचे वकील माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्ज याच महिन्यात भरायचा आहे.