पोलिसाच्या घराचं दार फळ्यावर लावू नका

रेवतीची_आई
काल इथे कुणीतरी लिहिलं: "पोलिसांचा पगार आपल्या करातून जातो. त्यांचे घरचे पत्ते आणि मोबाईल नंबर ठाण्याबाहेर फळ्यावर लावा." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

मी हवालदाराची मुलगी. वडिलांनी एका टोळीतली पोरं पकडली आणि त्यानंतर आठवडाभर आमच्या दारासमोर दोन बाइका यायच्या. थांबायच्या, घराकडे बघायच्या, निघून जायच्या. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही, मग तक्रार कशाची करायची? वडील बंदोबस्तात, आई एकटी. शेवटी घर बदललं, माझी सातवी अर्ध्यातून दुसऱ्या शाळेत गेली. वडिलांच्या कामाचा हिशोब मागा, नाव मागा, बक्कल नंबर मागा. आईचं दार मागू नका.

अर्जदार_२००६
ताई, तुमच्या आईला झालेला त्रास खरा आहे. पण ही ढाल पुढे कोण वापरतं तेही बघा. जिवाला धोका असेल तर माहिती नाकारायचं कलम माहिती अधिकारात पहिल्या दिवसापासून आहे. तरी २०१२ साली गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी अधिकाऱ्याच्या नोटिसा आणि मालमत्ताही 'वैयक्तिक' ठरवल्या. आणि नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती नाकारायच्या कलम ८(१)(ञ) मधल्या अटीच छाटल्या. 'वैयक्तिक माहिती' हे दोन शब्द लिहिले की अर्ज निकाली. ८(२) मध्ये जनहिताची वाट आहे, पण तिथवर पोचायला अपिलात वर्षं जातात.

माझ्या भाच्याला एका ठाण्यात रात्रभर मारलं. त्या रात्री ड्युटीवर कोण होतं एवढंच विचारलं. उत्तर आलं: वैयक्तिक माहिती, देता येत नाही. पत्ता मी मागितलाच नव्हता.

खाकी_३३वर्षं
नुसती नावं बाहेर गेली तरी काय होतं ते उत्तर आयर्लंडला विचारा. ऑगस्ट २०२३, माहितीच्या एका अर्जाला उत्तर देताना पोलिसांनी चुकून साडेनऊ हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं जगजाहीर केली. घरचा पत्ता एकाचाही नव्हता, तरी माणसं रोज बॉम्बच्या भीतीने गाडीखाली वाकून बघायला लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये दक्षिण काश्मीरात अतिरेक्यांनी पोलिसांचे नातेवाईकच घरातून उचलून नेले.

आणि पत्ता लपवा म्हणता, आधी घर तर द्या! मुंबईत बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांत आम्ही सहा जण राहिलो. निवृत्तीला खोली सोडा म्हणून नोटीस. पोलीस लाईनीत निदान चार शेजारी खाकीतले असतात. क्वार्टर नसेल तर भाड्याने राहा, आणि घरमालक गल्लीभर सांगतो, आमच्याकडे पोलीस राहतो.

लालबाग_नातू
घराचं रडगाणं इथे नको. बीडीडीतल्या पोलिसांना ५०० चौरस फुटांचं घर आधी ५० लाखांना सांगितलं, मग २५, शेवटी १५ वर आणलं. माझे आजोबा १९८२ च्या गिरणी संपात उद्ध्वस्त झाले. गिरणी कामगारांची पोरं अजून घरांच्या सोडतीच्या यादीत नाव शोधतायत. त्यांचा भाव कुणी उतरवला?

खाकी_३३वर्षं
आम्ही फुकट मागितलं का? गणपतीत दहा दिवस तुमच्याच लालबागला उभा होतो. पोराच्या दहावीच्या निकालालाही घरी नव्हतो.

लालबाग_नातू
संपात माझ्या आजोबांवर काठी कुणी चालवली, तेही मग आठवा.

खाकी_३३वर्षं
तेव्हा मी शाळेत होतो. तुमच्या आजोबांचा हिशोब माझ्या अंगावर टाकू नका.

नागपुरी_सून
भांडण पुरे. गडचिरोलीत माझा दीर पोलिसात आहे. जिवाच्या धोक्यामुळे सुट्टीत तो गावी येत नाही, सासूबाई त्याला भेटायला शहरात जातात. ५०० फूट काय, त्याला अंगणात बाज टाकून झोपता आलं तरी पुरे.

रेवतीची_आई
घरांचा वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. १६० फुटांत मीही वाढलेय.

अर्जदार, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. ड्युटीवर कोण होतं हे लपवणं मला मान्य नाही, आणि वडिलांनाही झालं नसतं. डी. के. बसू प्रकरणात १९९६ लाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. वडील नावाची पट्टी रोज स्वतः पुसायचे. पट्टी काढून लाठी चालवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

अर्जदार_२००६
मग माझं भांडण तुमच्याशी नाहीच. माहिती अधिकारात कलम १० आहे: देता येत नाही तेवढा भाग झाकायचा, उरलेला कागद द्यायचा. घरचा पत्ता काळा करा, ड्युटीचा तक्ता द्या. फळ्याची कल्पना चुकीची आहे, एवढं मान्य करतो. याहून जास्त नाही.

स्पष्ट_बोलतो
कालची पोस्ट माझी. भाऊ अपघातात गेला तेव्हा तपास अधिकाऱ्याला गाठायला चार महिने हेलपाटे घातले. ठाण्यात विचारलं की साहेब बाहेर. त्या रागात लिहिलं. घरचा पत्ता पोस्टमधून काढतो. पण तपास करणाऱ्याचा सरकारी नंबर लावाच, यावर मी ठाम आहे.

रेवतीची_आई
सरकारी नंबर लावा. त्याला माझी हरकत कधीच नव्हती.

लालबाग_नातू
आणि १५ लाखांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.