प्युअर डेटा: वायर दिसते, वेळ दिसत नाही

खर्ज:
मिलर पकेट यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्युअर डेटा या आवाज-संगीताच्या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल हा धागा. माझं मत ठाम आहे. बॉक्स आणि वायर जोडून प्रोग्रॅम करायच्या या पद्धतीत रिअल-टाइम आवाजातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे वेळ, पडद्यावर दिसतच नाही.

तार छेडल्याचा आवाज करून बघा. थोडा नॉइज (नुसती खरखर) डिलेमध्ये, म्हणजे आवाज जरा उशिरा बाहेर सोडणाऱ्या बॉक्समध्ये सोडायचा, बाहेर येणारा आवाज फिल्टरमधून पुन्हा त्याच डिलेत फिरवायचा. खालचे स्वर सुरेख वाजतात. वर चढत गेलात की एका जागी स्वर अडकतो. डिले कितीही कमी करा, हलत नाही. कारण आवाजाची आकडेमोड ६४ सॅम्पलच्या (आवाजाच्या एकेका मोजमापाच्या) ब्लॉकने, म्हणजे गठ्ठ्याने चालते, त्याहून लहान फेरा होत नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, भागिले ६४, म्हणजे ६८९ हर्ट्झ. पॅचमध्ये (बॉक्स-वायरच्या जोडणीत) हा आकडा कुठेच नाही.

निषाद:
अजिबात पटलं नाही. दर सॅम्पलला प्रत्येक बॉक्सकडे जायचं ठरवलं तर प्रोसेसरचा वेळ जाण्या-येण्यातच संपेल. डीएसपी (आवाजाची आकडेमोड) सुरू करताना टिल्डवाल्या, म्हणजे नावात ~ असलेल्या आवाजाच्या बॉक्सचा क्रम एकदा लागतो आणि दर ब्लॉकला, म्हणजे १.४५ मिलिसेकंदांनी तीच रांग चालते. म्हणून तर मोठे पॅच लाइव्ह चालतात. तारेचे दोन्ही डिले बॉक्स सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या छोट्या पॅचमध्ये) टाका, ब्लॉकचा आकार ठरवणाऱ्या ब्लॉक टिल्डला १ द्या. जादा भार तेवढ्याच भागावर. सी भाषेत लिहिलंत तरी साउंड कार्ड बफरने, म्हणजे सॅम्पलच्या गठ्ठ्यानेच मागतं.

खर्ज:
मागू दे. बफरच्या आत माझा लूप सॅम्पलगणिक चालतो, आणि तो मला समोर वाचता येतो.

रात्रपाळी:
मी निषादच्या बाजूने. आवाज चालू असताना फिल्टर बदलायचा आणि लगेच कानाने ठरवायचं, ही सोय सी मध्ये कंपाइल करत बसून मिळत नाही. मात्र नवख्यांना हे आधी सांगायलाच हवं: किंमत हळूहळू चढवणाऱ्या लाइन टिल्डचा चढ ब्लॉकच्या सीमेवर सुरू होतो, व्हीलाइन टिल्डचा ब्लॉकच्या मधेही होऊ शकतो. झटपट ठोक्यांना दुसराच वापरा.

खर्ज:
बघा, दोन्ही बॉक्स दिसायला सारखेच! सिग्नलची वायर सरळ फिरवून जोडली तर प्युअर डेटा ‘डीएसपी लूप’ म्हणून एरर देतो. डिलेतून फिरवली आणि ब्लॉकपेक्षा कमी वेळ मागितला, तर गुपचूप ब्लॉकएवढाच देतो. तिथेही एक ओळ छापावी, एवढीच माझी मागणी आहे.

निषाद:
ही मागणी मान्य. ब्लॉकवरचा आक्षेप मान्य नाही.